पाठीवरची वेल

मी वस्तरा बोलतोय. दचकू नका, मिटलेलाच आहे. शिंगाची मूठ, अस्सल पोलादाचं पातं आणि पाठीवर सोनेरी वेल, असा मी एका लाकडी डबीत चिंधीवर पडलोय. मुठीबाहेर डोकावणाऱ्या माझ्या शेपटीवर कसलीशी अक्षरं कोरलीयत. लोक ती वाचून मान डोलावतात. मला ती वाचता येत नाहीत. मला हात वाचता येतो. कुणाचा अंगठा कसा टेकतो, कुणाचं मनगट कुठं अडतं, हे मी एका फेऱ्यात सांगेन. त्यातले दोन हात तर मी मेलो, गंजलो, माती झालो तरी विसरायचा नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या झोलिंगेनचा. आमच्याकडे वस्तरा एका घरात जन्माला येत नाही. घणाखाली एकीकडे, आगीपाण्यात दुसरीकडे. वुपर नदीच्या काठी पाणचक्कीवरच्या ओल्या दगडांनी अंग घासलं जातं, मूठ बसते ती टेकडीवर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. या घरातून त्या घरात आम्ही जायचो ते बायकांच्या डोक्यावरून. मला वाहिलं माटिल्डानं. तेव्हा ती पोरसवदा होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, हातात मोज्याचं विणकाम आणि तोंडात सगळ्या खोऱ्याच्या बातम्या. चढावर धापा टाकायची, पण तोंड थांबायचं नाही आणि टोपली हलायची नाही.

तिनं मला टेकवलं ते एवाल्डच्या खिडकीपाशी. एवाल्ड धार लावणारा. त्याचा बापही धार लावणारा, आजाही. खिडकीखाली लाकडी बाक, त्यावर निसणे, म्हणजे धारेचे दगड, मांडलेले. एक खरखरीत काळा, आणि एक पिवळा. पिवळा बेल्जियमच्या डोंगरातला, लोण्यासारखा मऊ, फार हळू खाणारा. काम सुरू करायच्या आधी एवाल्ड मांजराला बाहेर घालवायचा, दार लावायचा. मग पाणी शिंपडून मला दगडावर आडवा ठेवायचा, आणि त्याचा श्वाससुद्धा माझ्या फेऱ्याबरोबर जायचा-यायचा. मी खूप हात पाहिले. इतका सरळ हात दुसरा पाहिला नाही. पाण्याच्या पाटासारखा.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की दोन ठिकाणी टेकतो. एक पाठ, एक धार. पाठ जितकी जाड तितकी धार उभट, पाठ जितकी बारीक तितकी धार निमुळती. म्हणून पाठही झिजते, धारही झिजते, दोघी मिळून म्हाताऱ्या होतात आणि तिरपेपणा जन्मभर तोच राहतो. कारागिरांनी फार विचार करून बांधलेला हा हिशेब आहे. पण पाठीवर नक्षी असली, तर ती बिचारी फुकट मरते.

आणि माझ्या पाठीवर नक्षी होती.

ती काढली आल्विनानं. आल्विना नक्षीच्या कारखान्यात कामाला होती. पोलादावर काळ्या रोगणानं चित्र झाकायचं, तेजाबात बुडवायचं, रोगण पुसून सोनं चढवायचं, असं ते काम. एवाल्डनं सगळ्या टोपलीतून मला निवडलं आणि तिच्यापुढं ठेवलं. म्हणाला, "आपल्या लग्नाच्या सकाळी मी यानं दाढी करणार. पाठीवर काहीतरी काढ."

"काय काढू?"

"तुला आवडेल ते."

"मला आवडेल ते काढलं, तर जन्मभर सांभाळावं लागेल," आल्विना म्हणाली, आणि तिनं वेल काढली. जुन्या भिंतींवर चढते, बर्फातही हिरवी राहते, तसली. मधला देठ पाठीच्या कण्यावरून सरळ, आणि पानं दोन्ही कडांवरून खाली लोंबणारी. कुंचला एका केसाचा होता. तो अंगावरून फिरताना मला गुदगुल्या झाल्या, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

लग्न झालं. एवाल्डचा गाल मी असा गुळगुळीत केला की आल्विनाच्या मावशीनं चारचौघांत त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

मग संसार लागला, आणि पंधरा-वीस दिवसांनी निसणाही लागला. कडांवर लोंबणारी पानं दगडाला टेकायची. त्यांची मुलगी रांगायला लागली तेव्हा पहिलं पान गेलं.

"एवाल्ड, या बाजूचं पान कुठाय?"

"कसलं पान?"

"मी काढलेलं."

"खाल्लं असेल निसण्यानं."

"निसणा काय आपल्या पायांनी चालत गेला पाठीवर?"

"अगं, पाठ झिजू दिली नाही आणि धार तेवढी मागं सरकत गेली, तर वस्तऱ्याची कुऱ्हाड होते. मग त्यानं दाढी करू नये, लाकडं फोडावीत."

"पाठीला पट्टी लाव. लोक लावतात."

"लोक!" एवाल्डनं नाक उडवलं. "ज्याला पाठ झाकायचीय त्यानं दाढी वाढवावी."

"तुझी धार पंधरा दिवसांनी मरते आणि तू तिला परत जन्माला घालतोस. माझी वेल एकदाच मरेल."

यावर एवाल्डनं हरलेले नवरे करतात तेच केलं. खोकला, आणि कॉफी झाली का म्हणून विचारलं.

हे भांडण त्यांच्या घरात मांजरासारखं राहिलं. कधी चुलीपाशी झोपलेलं, कधी पायात आलेलं. लढाई आली, गाव जळालं, मी बटाट्याच्या पोत्यात दडून वाचलो. लढाई गेली आणि भांडण परत चुलीपाशी येऊन बसलं. मी दोघांचं ऐकायचो. एवाल्डचं खरं होतं, मला ते धारेत कळायचं. आल्विनाचं खरं होतं, मला ते पाठीत कळायचं. न्याय करायला मला सांगितलं असतं तर मी मिटून बसलो असतो.

दिवस बदलले. विजेवर गुणगुणणारी यंत्रं आली, वापरून फेकायची पाती आली. माटिल्डाची टोपली माळ्यावर गेली. एवाल्डही कारखान्याचं काम सोडून घरी बसला. शेजारपाजारचे वस्तरे तेवढे बघायचा. पुढं एका हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला आणि त्याला दवाखान्यात घातलं. मरणाच्या दारातून फिरला. जरा बरं वाटायला लागल्यावर पहिली तक्रार केली ती जेवणाची नव्हती.

"ती नर्स बटाटा सोलल्यासारखी दाढी करते. माझा वस्तरा आण. आजारी पडायच्या आधीच धार लावलीय, आयता तयार असेल."

आल्विना घरी आली, तिनं मला उघडलं आणि तिचा चेहराच पडला. मी त्या ओल्या स्वयंपाकघरात इतके दिवस पडून राहिलो होतो आणि माझ्या धारेवर गंजाचे बारीक ठिपके आले होते. या धारेनं दाढी केली असती तर गाल सोलूनच निघाला असता. गावात धार लावणारे दुसरेही होते. पण एवाल्डचा वस्तरा दुसऱ्याच्या निसण्यावर गेला, ही बातमी दवाखान्यात तिच्या आधी पोचली असती.

ती खिडकीखालच्या बाकावर बसली. जन्मभर बघितलं होतं, पण दगडाला हात कधी लावला नव्हता. मग उठली आणि तिनं मांजराला बाहेर घालवलं, दार लावलं. खणातून काळी चिकटपट्टी काढली, दिव्याची वायर बांधायला आणलेली. तिचा एक तुकडा कापून माझ्या पाठीवर ताणून बसवला, नखानं दाबत दाबत, कुठं सुरकुती नाही की फुगा नाही. उरलेली पानं सगळी झाकली गेली.

"तो घरी नाही," ती मला म्हणाली. "आज माझं ऐक."

आणि तिनं मला दगडावर ठेवलं.

काय सांगू तुम्हाला! एवाल्डचा हात पाटासारखा, हा हात कुंचल्यासारखा. पातं जणू पाण्यावर ठेवल्यासारखं. पहिल्यांदा चाचपडली, टोकाकडे जरा घसरली. मग आधी काळ्यावर, मग पिवळ्यावर, तिचा श्वाससुद्धा माझ्याबरोबर यायला लागला. पट्टीनं माझी पाठ एका केसानं उचलली गेली होती, त्यामुळं धार एका केसानं उभट होत होती. मला कळत होतं की ही वेगळी धार आहे. पण पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत ती अखंड होती. अशी अखंड, की मला माझाच अभिमान वाटला. काम झाल्यावर तिनं पट्टी सोलून चुलीत टाकली आणि मला चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून पुसून ठेवलं.

दवाखान्यात तिनंच त्याची दाढी केली. एवाल्डनं गालावरून हात फिरवला आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला हाक मारली.

"बघ, बघ इकडं. याला म्हणतात धार! महिनाभर पडून होता, तरी बघ. हात लावून बघ!"

शेजारच्यानं हात लावून बघितला. आल्विना खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते, ते एवाल्डला दिसले नाहीत.

परतताना तिनं माटिल्डाला गाठून सगळं सांगितलंच. माटिल्डा इतकी हसली की तिला कुंपणाला धरावं लागलं.

"आणि तू गप्प बसलीस?"

"घरी येऊ दे त्याला. मग बसवून सांगेन. त्याचं तोंड बघायचंय मला."

पण घरी आल्यावर तो जरा अशक्त होता, म्हणून राहिलं. मग पाहुणे आले, म्हणून राहिलं. दूधभात फार ठेवला की आंबतो, थट्टेचंही तसंच असतं.

वसंतात कारखान्याचा मुकादम रुडॉल्फ घरी आला. टोपी हातात धरून उभा राहिला.

"उस्ताद, न्हाव्यांच्या मागण्या अजून येतात. वस्तरे आहेत, धार लावणारं कुणी उरलं नाही. दोन बायका शिकायला तयार आहेत. तुम्ही याल का शिकवायला?"

"मी म्हातारा झालोय, रुडॉल्फ."

"म्हणून तर विचारतोय. तरण्यांना येत असतं तर कशाला आलो असतो?"

एवाल्ड "बघू" म्हणाला. पण रुडॉल्फ गेल्यावर शीळ घालत अंगणात गेला. आल्विना म्हणाली, "नवरदेव झालाय माझा म्हातारा!"

दुसऱ्या सकाळी त्यानं मला घेतलं. होकार द्यायच्या आधी आजारानंतरचा हात बघावा म्हणून. मांजर बाहेर, दार बंद, पिवळ्या निसण्यावर पाणी. पाठ उघडी. त्याच्या जन्मात ती झाकलेली नव्हतीच.

मी दगडावर टेकलो. पाठ टेकली होती, धार टेकतच नव्हती! आल्विनाची धार पट्टीच्या उंचीवर बसलेली. पट्टी गेली, पाठ खाली आली, आणि धारेचं टोक केसभर अधांतरी राहिलं. निसणा धारेच्या मागचं अंग चोळत होता. एवाल्डचा हात होता तसाच होता, पाटासारखा सरळ. पण पाट भलत्या शेताला पाणी पाजत होता.

त्यानं मानेवरचा एक केस उपटून धारेवर धरला. केस वाकला, तुटला नाही.

पुन्हा बसला. पुन्हा केस वाकला. पिवळा दगड फार हळू खातो, त्याला तिथपर्यंत पोचायला आणखी कितीतरी बसण्या लागल्या असत्या. भिंग लावून बघितलं असतं तर त्याला कळलं असतं. पण भिंग नवशिक्यांनी लावावं, असं त्याच्या बापानं शिकवलेलं. तो रोज सकाळी बसायचा, रोज उठताना बाकाला धरून उठायचा. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण लोखंडाला तोंड धारेपुरतंच.

"दुसरा एखादा वस्तरा घेऊन बघ," आल्विना म्हणाली.

"ज्याला जन्मभर ओळखतो त्यालाच धार येईना, मग दुसऱ्याचा कशाला बिघडवू?"

"अरे, आजारातून उठलायस. चार दिवस दम धर."

"हात जातो तो असाच जातो. बापाचा असाच गेला. सकाळी बसला आणि उठून म्हणाला, गेला."

त्यांच्या घराण्यात रीत होती. हात गेला की निसणे घरात ठेवायचे नाहीत. चालत्या हाताला द्यायचे. एवाल्डच्या बापानं त्याच दिवशी ते मुलाच्या बाकावर आणून ठेवले होते, आणि मग म्हणे बाप खिडकीकडे पाठ करून बसायला लागला. उठला तो नाहीच. एवाल्डनं रुडॉल्फला निरोप धाडला. मी येत नाही. शनिवारी ये आणि निसणे घेऊन जा, त्या बायकांना होतील.

त्या दिवसापासून एवाल्डनं खुर्ची फिरवली. खिडकीकडे पाठ.

शुक्रवारी दुपारी माटिल्डा कॉफीला आली. एवाल्ड मागं वाफ्यात नुसताच उभा होता. टेबलावर जाळीदार गोड वाफल होते, दूधभात होता, आणि मधोमध आल्विनाच्या आजीचं कॉफीचं भांडं. तीन पायांचं, पोटाशी तोटी असलेलं. कॉफी तळाला गेली की त्याच्या मागच्या पायाखाली चिंधीची घडी सारायची, म्हणजे ते पुढं कलतं आणि उरलेली तोटीतून येते. माटिल्डानं आपला कप भरून घेतला, आणि सांडलेलं पुसायला हाताशी आलेली चिंधी ओढली. ती नेमकी भांड्याखालची.

आल्विनानं तोटी फिरवली. एक थेंब आला, दुसरा आलाच नाही.

"संपली वाटतं," माटिल्डा म्हणाली.

"आत आहे की. मघाशी तर येत होती." आल्विनानं भांडं हलवलं. आत कॉफी डचमळली. "तू चिंधी काढलीस…"

ती तिथंच थांबली. तोटीवर हात तसाच. मी खिडकीतल्या फळीवर पडलो होतो, तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हिला दिसलं!

"माटिल्डा," ती हळू म्हणाली, "मी त्याची चिंधी काढली गं."

माटिल्डाला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं वाफल खाली ठेवला.

"मग जा आणि सांग त्याला! वाफ्यात उभाय."

"काय सांगू? तुझा हात शाबूत आहे, पण दवाखान्यात ज्या धारेचा डंका पिटलास ती तुझी नव्हे, माझी? ज्याला स्वतःच्या हातावर भरवसा उरला नाही, त्याला हे सांगू?"

"मग न सांगता दुरुस्त कर. तुला येतं ना?"

"येतं. उघड्या पाठीनं काळ्या दगडावर घासत बसायचं, जुनी धार लागेपर्यंत."

"आणि तुझी वेल?"

आल्विना कप उचलायला लागली. माटिल्डानं शाल उचलली. जाताना दारातून म्हणाली, "मी जन्मभर लोकांचे वस्तरे डोक्यावर वाहिले, पण तुम्हा दोघांइतकं ओझं कुणाचं नव्हतं!"

ती गेल्यावर आल्विना बाकावर बसली. तिनं मांजराला घालवलं, दार मात्र नुसतं लोटलं. काळ्या निसण्यावर पाणी ओतलं. चिकटपट्टी खणात होती, तिकडं तिनं बघितलंही नाही. मला उघड्या पाठीनं ठेवलं आणि जोर लावला.

मी पोलादाचा. मला रडता येत नाही. पण तो काळा दगड पानांवरून फिरला तेव्हा सोनं पाण्यात उतरलं आणि त्या पाण्यावर पिवळी झाक आली. तिनं ती बघितली. अंगठ्यानं पुसली आणि पुन्हा घासायला लागली. जिनं एका केसाच्या कुंचल्यानं ती वेल काढली होती, तीच ती पुसत होती, नवऱ्याला आपला हात परत मिळावा म्हणून. एक पान गेलं. दुसऱ्याचा देठ गेला.

"काय चाललंय?"

एवाल्ड दारात उभा होता. बूट चिखलानं भरलेले.

"काही नाही."

"उघड्या पाठीनं? काळ्यावर? तू?" तो पुढं आला. पाण्यावरचं पिवळं त्यानं बघितलं. "जन्मभर भांडलीस माझ्याशी या वेलीपायी. आता डोकं फिरलं का?"

"तुझी धार शोधतेय."

"माझी धार गेली."

"गेली नाही. माझ्या धारेखाली दबलीय."

मग तिनं सगळं सांगितलं. गंज, पट्टी, दवाखाना, शेजारच्या खाटेवरचा माणूस. सांगताना तिचं बोट माझ्या पाठीवर होतं, गेलेल्या पानाच्या जागेवर. एवाल्ड ऐकत उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. मला वाटलं, आता हा मला खिडकीबाहेर फेकतो.

शेवटी त्यानं विचारलं,

"एक पदर, की दोन?"

"काय?"

"पट्टीचा. एक पदर लावलास की दोन?"

"एक."

"तुझं भिंग दे."

नक्षीच्या कारखान्यातलं तिचं भिंग त्यानं जन्मात पहिल्यांदा डोळ्याला लावलं. मला उजेडाकडे धरलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेला. धारेच्या अगदी कडेला तिची ती बारीक रेघ होती, केसाहून बारीक. परत बघत आला.

"कुठं तुटत नाही ही रेघ," तो पुटपुटला. "टोकाशी जरा रुंद झालीय."

"तिथं हात घसरला होता."

"पहिल्यांदा बसलीस आणि एवढंच घसरलीस?" त्यानं भिंग काढलं. "माझ्या बापानं मला दोन वर्षं काळ्यावरून उठू दिलं नव्हतं." आणि मग तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता बाकावर बसला. "त्या माणसाला मी हात लावायला लावला गं! शेजारच्या! म्हटलं, याला म्हणतात धार!"

"म्हणालास खरा."

"खोटं नव्हतो बोललो."

आल्विनानं एप्रनमध्ये तोंड घातलं, आणि झोळीत भाजी घ्यावी तसं सगळं हसू, सगळं रडं त्यात गोळा केलं. मान वर केली तोवर एवाल्डनं खण उघडला होता.

"पट्टी दे ती."

"तू लावणार?"

"दाढी वाढवण्यापेक्षा बरं."

त्यानं पट्टी लावली, आणि अशी वेडीवाकडी लावली की तिनं हातातून घेऊन सोलली आणि स्वतः लावून दिली. मग तो बसला. पिवळा निसणा, थोडं पाणी, आणि माझ्यावर तोच हात, पाटासारखा सरळ. थोडेच फेरे. या खेपेला धार दगडाला टेकली आणि मला वाटलं, पावसाळी नदीत पहिलं पाणी आलं. त्यानं मानेवरचा केस उपटून धरला.

केस पडला. नुसता जवळ नेला आणि पडला.

एवाल्ड आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला, परगावाहून आलेल्या मुलाकडे बघावं तसा.

शनिवारी रुडॉल्फ हातगाडी घेऊन आला.

"निसणे मिळायचे नाहीत," एवाल्ड दारातूनच म्हणाला. "सोमवारी मी येतोय. पण साध्या पाठीचे वस्तरे माझ्याकडे. नक्षीच्या पाठीचा एकही माझ्यापुढं ठेवू नकोस. ते हिच्याकडे आणायचे."

"त्यांना पट्टी लावायची का, उस्ताद?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

त्यानंतर एवाल्डनं मला पुन्हा कधी दगडावर घेतलं नाही. धार उतरली की आल्विनापुढं ठेवायचा, आणि स्वतः उठून मांजराला बाहेर घालवायचा. शेवटच्या आजारात तिनं त्याची रोज दाढी केली. तो गालावरून हात फिरवायचा आणि बोलायची ताकद असेतोवर विचारायचा, "कुणाची गं ही धार?" ती म्हणायची, "ओळख."

दोघंही गेली त्याला आता खूप वर्षं झाली. मी त्यांच्या नातवाकडे आहे, आर्मिनकडे. पोरगा गुणी आहे, फक्त छातीपर्यंत दाढी आहे. आज्यानं बघितली असती तर काय बोलला असता, ते मला पाठ आहे. परवा त्यानं डबी उघडली, मला उजेडात धरलं. निसणा भिजत घातला, आणि तसाच विचार करत बसला. पाठ झाकावी की उघडी ठेवावी? त्यानं चारजणांना विचारलं, चौघांनी चार उत्तरं दिली आणि मग ते चौघं एकमेकांतच भांडायला लागले.

आर्मिन बाळा, मला विचारशील तर दोन्ही खरं आहे. उघडी पाठ धारेशी इमान राखते. झाकलेली पाठ ज्या हातानं मला सजवलं त्याच्याशी इमान राखते. मी दोन्ही तऱ्हांनी जगलोय, आणि दोन्ही तऱ्हांनी गाल गुळगुळीत केलेत. पण जो हात माझ्यावर आधी फिरला त्याला न विचारता मला दगडावर ठेवू नकोस. नाहीतर शाबूत हाताचा माणूसही खुर्ची फिरवून बसतो.

हात बोलत नाहीत, ते गेलेत, हे मला कळतं. म्हणून डबीत नीट बघ. चिंधीखाली, कोपऱ्यात. काळ्या पट्टीची एक वाळलेली गुंडाळी आहे. ती कचरा म्हणून टाकू नकोस. आधी तुझ्या आजीचं भिंग लाव डोळ्याला आणि धारेच्या कडेची तिची रेघ शोध.

आणि मांजराला बाहेर घालव.